मस्कतच्या पुढे

राजाभाऊंनी गुलाटींची बेल पुन्हा दाबली आणि या खेपेला बोट उचललंच नाही. आत बेल खणखणीत वाजत होती. जिन्यात ऐकू येत होती, खालच्या मजल्यावरही जात असणार. फक्त दार उघडत नव्हतं. बाहेरच्या जाळीच्या दाराला पितळी कुलूप लोंबत होतं. ते राजाभाऊंना आल्याआल्या दिसलं होतं, पण बाहेरून कुलूप असलं की आत माणूस नसतो, एवढा साधा निष्कर्ष काढायची त्यांची तयारी नव्हती.

“नाहीयेत का ते?” मागून वृंदाने विचारलं. ती प्रवासाच्या कपड्यांत तयार होऊन आली होती. अंगात सलवार-कमीज, पायात नवे बूट, खांद्यावर शाल.

“असतील इथेच. पार्कात गेले असतील फिरायला.”

“दोघंही? मी आज जाणार हे माहीत असून?”

राजाभाऊंनी बेलवरचं बोट काढलं.

त्या कुलपाच्या आत, गुलाटींच्या देवघरासमोरच्या स्टुलावर, वृंदाची तपकिरी पर्स होती. पर्समध्ये मूठभर तांदूळ, सुपारी, हळदीकुंकवाची पुडी आणि पासपोर्ट. दुपारी दोनला तिचं टोरंटोचं विमान होतं. तिथे तिची थोरली बहीण सुमित्रा अंथरुणावर शेवटचे दिवस मोजत होती. इस्पितळाने हात टेकले तेव्हा भाच्याने, अंशुमनने, आईला घरी आणलं आणि मावशीला फोन केला, “जमलं तर ये. पण लवकर ये.” व्हिसा होता तो फक्त वृंदाचा, मागच्या खेपेचा उरलेला. तिकीट लगेच काढलं, पण जागा मिळाली ती नेमकी अमावस्येची.

अमावस्येला प्रवासाचं पाऊल बाहेर टाकायचं नाही हा वृंदाच्या माहेरचा नियम, आणि नियमातून सुटायची पळवाटही माहेरचीच. आधीचा एखादा चांगला दिवस बघून, बरोबर न्यायची एखादी वस्तू शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायची. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालं. मग खरोखर जायच्या दिवशी अमावस्या असली तरी बिघडत नाही. फक्त ती वस्तू पुन्हा घरात आणायची नाही, जाताजाता परस्पर उचलायची. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये या दोघी बहिणी वाढल्या, तेव्हा वडील दौऱ्यावर निघायचे झाले की त्यांची वळकटी त्यांच्याआधी शेजारच्या बंगाली बाबूंकडे मुक्कामाला जायची.

परवा वृंदा तांदूळ-सुपारीची पुरचुंडी बांधत होती आणि राजाभाऊंना चेष्टेची लहर आली.

“सुपारी ठेवून काय होणार? हल्ली प्रवास म्हणजे पासपोर्ट. खरं प्रस्थान ठेवायचं तर तो ठेव. त्याच्याशिवाय विमान हलतंय थोडंच!”

इतक्या वर्षांच्या संसारात वृंदाने नवऱ्याच्या असंख्य चेष्टा कानाआड केल्या होत्या. नेमकी ही तिला पटली. तिने पुरचुंडी सोडली, सगळं पर्समध्ये भरलं, त्यात पासपोर्ट घातला आणि पर्स समोरच्या दारी कल्पना गुलाटीच्या हातात दिली. कल्पनाने ती दोन्ही हातांनी घेतली आणि आपल्या देवांपुढे ठेवली. राजाभाऊ तेव्हा खुर्चीत बसून हसत होते.

खालून गार्ड वर आला.

“गुलाटी साहब तो अँधेरे में ही निकल गए, अंकल. पानिपत. मैडम रो रही थीं.”

वृंदाने भिंतीला हात टेकला.

पानिपतला हरीश गुलाटीची आई होती. कापडाच्या दुकानामागच्या घरात थोरल्या मुलाकडे राहायची, गेल्या दिवाळीला इथे आली होती, तेव्हा वृंदाच्या हातची करंजी खाऊन तिने कृती विचारली होती. राजाभाऊंनी कल्पनाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. हरीशला लावला. तोही तसाच. मग पुन्हा कल्पनाला. फोन वाजत असताना ते उगीचच जाळीतून आत बघत होते, जसं काही नजर लावली तर पर्स आपण होऊन सरकत येणार होती.

डोक्यावरून एक विमान घरघरत उतरलं. दिल्लीच्या या टोकाला, द्वारकेत, या आवाजाकडे कोणी लक्ष देत नाही. गच्चीत वाळत घातलेल्या चादरींवरून दिवसभर विमानांच्या सावल्या जातात. विमानतळ इथून टॅक्सीने वीस मिनिटांवर. घर घेताना राजाभाऊंनी हेच कौतुकाने सांगितलं होतं सगळ्यांना: मुलं-भाचे कुठूनही येवोत, आपण जवळ.

खाली टॅक्सी उभी होती. दोन्ही बॅगा तिच्यात चढल्याही होत्या.

गेले चार दिवस राजाभाऊ फोनवर एकच पान उघडून बसत होते. दिल्ली ते टोरंटो, साडेअकरा हजार किलोमीटरच्या वर, चौदा तास. पण तो झाला सरळ रेषेचा हिशेब. पाकिस्तानवरून जायला आपल्या विमानांना बंदी, त्यामुळे विमान आधी खाली गुजरातकडे वळणार, अरबी समुद्र ओलांडून मस्कतवर जाणार, तिथून वर तुर्कस्तान, मग युरोप, व्हिएन्नाला इंधन भरायला थांबणार आणि मग अटलांटिक. सगळं धरून अठरा तासांच्या घरात. हे त्यांनी वृंदाला जेवणाच्या टेबलावर बोटाने रेघ काढून दाखवलं होतं, वाटी म्हणजे मस्कत आणि मिठाची बाटली म्हणजे व्हिएन्ना. ती ऐकत नव्हती. ती स्वेटरची घडी घालत होती. रस्ता पाठ करण्यापलीकडे आपल्याच्याने काही होण्यासारखं नाही हे राजाभाऊंना कळत होतं, म्हणून ते रस्ताच पाठ करत होते.

फोन लागला तो हरीशचा.

“अंकल जी,” तो म्हणाला आणि थांबला. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. “हम मुरथल तक ही पहुँचे थे. माँ नहीं रहीं.”

ज्याची आई आज सकाळीच गेली त्याला किल्ली कशी मागायची? राजाभाऊ कसंबसं “बेटा, बहुत बुरा हुआ” एवढं म्हणाले. वृंदा समोर उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला सगळं समजलं होतं, तरी तिची नजर एकच गोष्ट मागत होती आणि तीच त्यांना बोलता येत नव्हती.

“कितना दूर है पानिपत, अंकल जी?” हरीश म्हणाला. “हर इतवार सोचता था, चलो मिल आऊँ. रास्ता ही कितना है.”

“हाँ बेटा.”

मग हरीशलाच आठवलं.

“अरे! आंटी का पर्स! आज ही तो जाना है उनको!”

“वो... हाँ. आज ही.”

“चाबी लेकर किसी को भेजूँ तो भी तीन घंटे... नहीं, नहीं. आप ताला तोड़ दीजिए. गार्ड को फोन दीजिए, मैं बोलता हूँ. ताला ही तो है, अंकल जी.”

गार्डने हरीशचा आवाज स्पीकरवर ऐकला, रीतसर मान डोलावली आणि मार्केटमधल्या पिंपळाखालच्या चावीवाल्याला घेऊन आला. बाहेरचं पितळी कुलूप दोन ठोक्यांत तुटलं. राजाभाऊंनी सुटकेचा श्वास टाकला तो फुकटच गेला, कारण आतल्या लाकडी दाराला हरीशने पावसाळ्यात नवं लॉक बसवलं होतं. सेक्टरमध्ये दोन चोऱ्या झाल्यावर त्याने राजाभाऊंनाच बोलावून ते अभिमानाने दाखवलं होतं. किल्ली फिरवली की तिन्ही बाजूंनी सळया चौकटीत जातात.

“ये खुलेगा नहीं,” चावीवाला उकिडवा बसून म्हणाला. “काटना पड़ेगा. टाइम लगेगा.”

“कितना?”

त्याने खांदे उडवले. राजाभाऊंच्या घरातून वायर ओढून त्याने मशीन जोडलं, आणि जिना त्या आवाजाने भरून गेला.

वृंदा वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर बसली. राजाभाऊ दाराजवळ उभे राहिले, मग तिच्याजवळ आले, मग पुन्हा दाराजवळ गेले. माझी चूक झाली, असं त्यांना म्हणायचं होतं. तसं ते एकदा म्हणालेही, पण मशीन चालू असताना.

“काय?” वृंदाने विचारलं.

“काही नाही. होईल आता.”

तिच्या मांडीवरचा फोन उजळला. अंशुमन होता. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. या वेळी तो कधी फोन करत नसे. वृंदाने फोन उचलला आणि मशीनच्या आवाजात ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकून अगदी गालाशी धरला.

“मावशी, तू निघालीस ना?” अंशुमनचं मराठी त्याच्या शाळेबरोबरच संपलं होतं, उरलेलं तो जपून वापरायचा. “प्लीज, हो म्हण.”

“काय झालं रे?”

“नर्स आली होती. ती म्हणते, आता आवर्स. मॉर्निंगपर्यंत... आय डोन्ट थिंक सो.” त्याने आवाज खाली आणला. “आई तुझंच विचारते. सारखं. निघाली का, निघाली का. मी फोन तिच्या कानाशी धरतो. तू फक्त सांग की निघालीस. ओके?”

वृंदाने मान हलवली. फोनवर मान दिसत नाही हे तिच्या लक्षात आलं नाही. पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज आला, मग श्वास ऐकू यायला लागला, ओढून घेतलेला, मधेच थबकणारा.

“ताई,” वृंदा म्हणाली. “निघाले गं मी.”

प्रस्थानाच्या हिशेबाने ते खोटंही नव्हतं. ती परवाच निघाली होती.

बराच वेळ नुसता श्वास. मग तो आवाज आला, इतका बारीक झालेला की राजाभाऊंना तो सुमाताईंचा आहे हे ओळखू येईना. एके काळी या बाई लक्ष्मीबाई नगरच्या मैदानापलीकडून धाकट्या बहिणीला हाक मारायच्या आणि अख्खी कॉलनी ओ द्यायची.

“कुठपर्यंत आलीस?”

वृंदाने नवऱ्याकडे पाहिलं. तिला खरोखरच माहीत नव्हतं. चार दिवस ती ऐकत नव्हती ना.

राजाभाऊ वाकले. “मस्कत,” ते तिच्या दुसऱ्या कानाशी म्हणाले.

“मस्कत आलं, ताई.”

“अगंबाई. एवढ्यात?”

“एवढ्यात. समुद्र मागे टाकला.”

“खिडकी मिळाली?”

“मिळाली.”

“तुला खिडकीच लागते,” सुमित्रा म्हणाली. मग दम लागल्यासारखी गप्प झाली. वृंदाने डोळे मिटून घेतले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं ते तिने पुसलं नाही, कारण एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हाताने तिने राजाभाऊंची बाही घट्ट धरली होती.

“आवाज कसला गं तो?”

चावीवाल्याचं मशीन पोलादात शिरत होतं.

“विमानाचा, ताई. मी पंखाजवळ बसलेय.”

“हं. मोठा आहे.”

“तू झोप थोडी. मी सांगत राहते.”

“झोपत नाही. तू सांग.”

वृंदाने सांगितलं. राजाभाऊ एकेक नाव तिच्या कानात घालत गेले आणि ती त्याला खिडकीतून जसं दिसेल तसं दाखवत गेली. मस्कतच्या पुढे डोंगर होते, तपकिरी, झाड नाही की काही नाही. मग वाळू, खूप वाळू, मधे एखादा सरळ रस्ता, त्याच्यावर गाडी दिसते का दिसत नाही एवढी बारीक. शेजारी एक सरदारणी बसली आहे, तिने पराठे काढलेत, वास सुटलाय. हे सरदारणीचं राजाभाऊंनी सांगितलं नव्हतं. सुमित्रा मधून मधून हुंकार देत होती. एकदा तिने, लोणचं आहे का बरोबर, असं विचारलं आणि वृंदा म्हणाली, आहे, आंब्याचं. विमानातलं एक तासाचं अंतर दोन-दोन वाक्यांत सरत होतं. राजाभाऊंना वेग वाढवायचा मोह होत होता आणि भीतीही वाटत होती. फार लवकर पोचलं तर दाराशी उभं राहून काय दाखवायचं?

विमान तुर्कस्तानात शिरलं तेव्हा दार उघडलं.

चावीवाल्याने मशीन बंद केलं, दाराला खांदा दिला आणि ते आत गेलं. राजाभाऊ जवळजवळ धावतच शिरले. देवघरासमोरचा दिवा रात्रीच कधीतरी विझला होता. पर्स स्टुलावर होती, तिच्यावर कल्पनाने एक झेंडूचं फूल ठेवलेलं. त्यांनी चेन उघडून पासपोर्ट बघितला, तांदूळ हाताला लागले, आणि त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली. साडेअकरा. बॅगा टॅक्सीत होत्या. रस्ता वीस मिनिटांचा. पोचता येत होतं. अगदी आरामात नाही, पण पोचता येत होतं, आणि ते कळल्याबरोबर बाहेर जायची त्यांची घाई संपली.

ते पर्स घेऊन बाहेर आले आणि वृंदापुढे उभे राहिले. तिने पर्सकडे पाहिलं. फोन छातीशी दाबून धरला.

“विमानात फोन लागतो?”

हो म्हणावं असं राजाभाऊंना फार वाटलं.

“नाही,” ते म्हणाले. “व्हिएन्नाला थांबेल तेव्हा लागेल. रात्री.”

“आणि तिथली सकाळ?”

“आपली दुपार. तीन-साडेतीन.”

“तेव्हा मी कुठे असेन?”

त्यांना रस्ता पाठ होता. “गुजरातवर. फार तर समुद्रावर,” ते म्हणाले.

वृंदाने पर्स घेण्यासाठी हात पुढे केला नाही. गेलं तर अंशुमनजवळ कोणीतरी आपलं माणूस असेल, पुढचं सगळं त्या पोराला एकट्याला करावं लागणार नाही, हे तिच्याही मनात आलं असणार. राजाभाऊंच्या तर आलंच होतं. उद्याचं तिकीट मिळेल, परवाचं मिळेल, त्यासाठी विमानं पुष्कळ आहेत, असंही त्यांच्या मनात आलं. त्यांनी दोन्हीतलं काहीच म्हटलं नाही. सांगण्यासारखं त्यांच्याजवळ फक्त अंतर होतं, आणि ते त्यांनी सांगून टाकलं होतं.

फोनमधून, शालीच्या आतून, आवाज आला.

“वृंदे... आवाज थांबला गं. उतरलीस?”

वृंदाने घाईघाईने फोन गालाशी नेला. “नाही ताई, एवढ्यात कुठली,” ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघून तिने ओठांनी विचारलं, “पुढे काय येतं?”

राजाभाऊ चावीवाल्याकडे वळले. तो वायर गुंडाळायला लागला होता.

“भैया, मशीन चालू करो.”

“खुल तो गया, अंकल जी.”

“मालूम है. आप चलाओ. ऐसे ही, हवा में.”

चावीवाल्याने उघड्या दाराकडे पाहिलं, मग पायरीवर बसलेल्या बाईंकडे. त्याने वायर पुन्हा सोडली, मशीन दोन्ही हातांत धरलं आणि बटण दाबलं. जिना घरघरू लागला.

राजाभाऊ गुडघे सावरत वृंदाच्या शेजारी बसले. खिशातला फोन थरथरत होता, टॅक्सीवालाच असणार; त्यांनी तो उचलला नाही.

“काळा समुद्र,” ते तिच्या कानाशी म्हणाले.

“ऐकतेयस ना ताई?” वृंदा म्हणाली. “आता काळा समुद्र आला. पण काळा नाही गं, चांगला निळा आहे.”